‘फ्यूडलिझम’ म्हणजे सरंजामशाही? एका शब्दाचा हिशेब

१/
आजचा धागा एका शब्दावर आहे: फ्यूडलिझम. मराठीत आपण त्याला ‘सरंजामशाही’ म्हणतो. हा शब्द पाठ्यपुस्तकांत आहे, अग्रलेखांत आहे, निवडणुकीच्या भाषणांतही आहे. पुढाऱ्याच्या मुलाला उमेदवारी मिळाली की सरंजामशाही, वरिष्ठाने कनिष्ठाला ताटकळत उभे ठेवले की सरंजामी वृत्ती, जुना चौसोपी वाडा दिसला की सरंजामी थाट. शब्द इतका सैल झाला आहे की त्यातून नेमके काय कळले, असे कोणी विचारीतही नाही.

२/
इतिहासाच्या अभ्यासात मात्र ही पारिभाषिक संज्ञा आहे. पारिभाषिक संज्ञेने दोन कामे करावीत अशी अपेक्षा असते: एका जातीच्या गोष्टी एकत्र आणाव्यात आणि वेगळ्या गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. महाराष्ट्राच्या बाबतीत ‘सरंजामशाही’ या शब्दाने दुसरे काम केलेले नाही. दोन अगदी भिन्न संस्था त्याने एकाच नावाखाली कोंबल्या आणि त्यांतील अधिक टिकाऊ, अधिक खोल गेलेली संस्था आपल्या नजरेआड केली. ती कोणती, हे पुढे येईल. आधी या शब्दाचे कुळ पाहू.

३/
मध्ययुगीन युरोपातील कोणाही शेतकऱ्याने वा उमरावाने आपण ‘फ्यूडलिझम’मध्ये राहतो असे म्हटलेले नाही. त्यांच्याकडे ‘फेउडुम’ हा लॅटिन शब्द होता. सेवेच्या अटीवर दिलेली जमीन किंवा उत्पन्न, असा त्याचा ढोबळ अर्थ. इंग्रजीत त्यालाच ‘फीफ’ म्हणतात. बाराव्या शतकात उत्तर इटलीतील लोंबार्दी प्रांतात अशा जमिनींविषयीच्या नियमांचे संकलन झाले. ‘लिब्री फेउडोरुम’ हे त्याचे नाव. पुढे कायदेपंडितांनी त्याचा अभ्यास केला आणि त्या अभ्यासातून ‘फ्यूडल कायदा’ नावाची एक सुसूत्र व्यवस्था कागदावर उभी राहिली.

४/
म्हणजे शब्द वकिलांच्या घरी वाढला. १७४८ साली माँतेस्क्यूने आपल्या कायद्यांवरील ग्रंथात त्याला राजकीय विचाराच्या दालनात आणले. शेवटी ‘इझम’ जोडलेले रूप इंग्रजीत रूढ झाले ते एकोणिसाव्या शतकात. ज्या काळाचे वर्णन करण्यासाठी आपण हा शब्द वापरतो, तो काळ संपून गेल्यावर कित्येक शतकांनी शब्द तयार झाला आहे. यात गैर काही नाही. इतिहासकार असे शब्द घडवतातच. पण मागाहून घडवलेल्या शब्दाची व्याख्या वापरणाऱ्यानेच द्यावी लागते. ती त्या काळाच्या कागदपत्रांत आयती सापडत नाही.

५/
आता कोणी म्हणेल, व्याख्येचा हा काथ्याकूट कशासाठी? त्याचे उत्तर फ्रान्सच्या शेतकऱ्यांना विचारावे लागेल. ४ ऑगस्ट १७८९च्या रात्री फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेने सरदारवर्गाचे विशेषाधिकार रद्द करण्याचा निर्णय घेतला आणि ११ ऑगस्टच्या हुकूमनाम्यात फ्यूडल व्यवस्था पूर्णपणे नष्ट केल्याची घोषणा झाली. गावोगाव आनंद झाला. पण लगेच प्रश्न आला: शेतकरी जमीनदाराला जी पन्नास प्रकारची देणी देतो, त्यांतली ‘फ्यूडल’ कोणती आणि साधा खंड कोणता?

६/
सभेने हे काम कायदेतज्ज्ञांच्या समितीकडे सोपवले. मार्च १७९०मध्ये तिने दोन गट पाडले. माणसाच्या गुलामीतून आलेली देणी, उदाहरणार्थ भूदासत्व, ही विनामोबदला रद्द झाली. जमीन दिल्याच्या बदल्यात ठरलेली देणी मात्र मालमत्ता ठरली. ती संपवायची तर शेतकऱ्याने किंमत मोजायची. मे महिन्यात दरही ठरले: रोख देण्यासाठी वार्षिक रकमेच्या २० पट, धान्यरूप देण्यासाठी २५ पट. इतका पैसा कोणत्या शेतकऱ्याकडे असणार? जाहीरनाम्यात मेलेली व्यवस्था शिवारात जिवंत राहिली.

७/
गावे पुन्हा पेटली. ऑगस्ट १७९२मध्ये सभेने सिद्धतेचा भार उलटा केला: जमीनदाराने मूळ दस्त दाखवावा, नाहीतर देणे रद्द. अखेर १७ जुलै १७९३ रोजी उरलेली सर्व फ्यूडल देणी विनामोबदला रद्द झाली. १७८९ ते १७९३ ही चार वर्षे एका शब्दाच्या अर्थावरून झगडण्यात गेली. व्याख्या रुंद केली तर शेतकरी मोकळा, अरुंद केली तर कर्जबाजारी. पारिभाषिक शब्दाचा अर्थ हा केवळ पंडितांचा खेळ नसतो, याचा इतका स्वच्छ दाखला क्वचित मिळेल.

८/
विसाव्या शतकातील इतिहासकारांकडे वळू. ‘फ्यूडलिझम’चे स्थूलमानाने तीन अर्थ प्रचलित आहेत.
पहिला अरुंद अर्थ. बेल्जियन इतिहासकार गान्सोफ यांनी १९४४च्या आपल्या पुस्तकात तो मांडला. स्वतंत्र माणूस दुसऱ्या स्वतंत्र माणसाचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतो. एक स्वामी होतो, दुसरा त्याचा ‘व्हॅसल’. व्हॅसलने मुख्यतः लष्करी सेवा द्यायची, स्वामीने संरक्षण आणि निर्वाहासाठी ‘फीफ’ द्यायची. या व्याख्येत शेतकरी जवळजवळ नाहीच. हा सारा योद्ध्यांचा आपापसांतला करार आहे.

९/
दुसरा रुंद अर्थ. फ्रेंच इतिहासकार मार्क ब्लॉक यांचा ‘फ्यूडल समाज’ हा ग्रंथ १९३९-४०मध्ये दोन खंडांत आला. त्यांनी एका अख्ख्या समाजाचे चित्र काढले: दबलेला शेतकरीवर्ग, पगाराऐवजी सेवेसाठी दिलेली जमीन, व्यावसायिक योद्ध्यांचे वर्चस्व, माणसाला माणसाशी बांधणारे आज्ञापालनाचे नाते आणि राजसत्तेचे तुकडे. ही सगळी लक्षणे एकत्र आली तर तो समाज फ्यूडल. त्यामुळेच जपानशी युरोपची तुलना करणे ब्लॉक यांना शक्य झाले. नावावरून नव्हे, लक्षणांवरून.

१०/
तिसरा अर्थ मार्क्सवादी परंपरेतला. येथे प्रश्न उत्पादनाचा आहे. जमीन कसणाऱ्याच्या हाती स्वतःची अवजारे आहेत, तुकडाभर शेतही आहे. मग त्याचे वरकड उत्पन्न जमीनदाराकडे जाते कसे? बाजारातून नव्हे, तर सक्तीने: वेठीने, खंडाने, जमीनदाराच्या न्यायालयाच्या धाकाने. या व्याख्येत योद्ध्यांचा हातात हात दुय्यम ठरतो आणि शेतकऱ्याची मान केंद्रस्थानी येते. एकच शब्द, पण पहिल्या अर्थात शेतकरी चित्राबाहेर आणि तिसऱ्या अर्थात चित्राच्या मधोमध.

११/
मग काही इतिहासकारांनी शब्दावरच हरकत घेतली. १९७४मध्ये अमेरिकन अभ्यासक एलिझाबेथ ब्राउन यांनी एका गाजलेल्या लेखात लिहिले की, ही संकल्पना इतिहासकारांवर जुलूम करते. पुरावा तिच्यात बसत नसेल तर आपण पुरावाच वाकवतो. १९९४मध्ये सुझन रेनॉल्ड्स यांनी ‘फीफ’ आणि ‘व्हॅसल’ यांविषयीचा मूळ पुरावा पुन्हा तपासला. नंतरच्या वकिलांनी बांधलेली चौकट आपण आधीच्या शतकांवर लादत आलो, असा त्यांचा निष्कर्ष. जिथे शब्द जन्मला त्या युरोपातच त्याची ही अवस्था आहे.

१२/
भारतात हा शब्द ठळकपणे आणला जेम्स टॉडने. १८१८ ते १८२२ या काळात तो पश्चिम राजपूत संस्थानांत कंपनीचा पोलिटिकल एजंट होता. १८२९ आणि १८३२मध्ये त्याचा राजस्थानवरील ग्रंथ दोन खंडांत निघाला. त्यात राजपूत ठाकूर आणि त्यांचा राणा यांचे नाते त्याने युरोपीय फ्यूडल नात्याच्या साच्यात मांडले. पुढे आल्फ्रेड लायलने हरकत घेतली: ठाकुराकडे जमीन आहे ती राजाने बक्षीस दिली म्हणून नव्हे, तो राजाच्याच कुळातला भाऊबंद आहे म्हणून. दिलेली जमीन देणारा परत घेऊ शकतो. भावाचा वाटा मात्र काढून घेता येत नाही. येथेही व्याख्येवर कोणाचा तरी हक्क टांगलेला होता.

१३/
स्वातंत्र्यानंतर वाद नव्या पातळीवर गेला. गोव्यात जन्मलेले गणितज्ञ आणि इतिहासकार दा. ध. कोसंबी यांनी १९५६च्या आपल्या ग्रंथात दोन टप्पे सांगितले. ‘वरून आलेला’ फ्यूडलिझम: सम्राट मांडलिकांकडून खंडणी घेतो, मांडलिक आपल्या मुलखात जवळजवळ स्वतंत्र असतात. ‘खालून आलेला’ फ्यूडलिझम: गावातच राज्य आणि शेतकरी यांच्यामध्ये जमीनधारकांचा एक वर्ग तयार होतो आणि हळूहळू बलिष्ठ होतो. ही ‘वरून’ आणि ‘खालून’ची जोडी लक्षात ठेवा. महाराष्ट्रापाशी आल्यावर तिची गरज पडणार आहे.

१४/
१९६५मध्ये रामशरण शर्मा यांचे ‘इंडियन फ्यूडलिझम’ आले. काळ सुमारे इ.स. ३०० ते १२००. त्यांचा मुख्य पुरावा म्हणजे दानपत्रे. राजे ब्राह्मणांना व देवस्थानांना गावे देत, त्यांबरोबर महसूल आणि कित्येकदा न्यायदानाचे अधिकारही देत. त्यातून सत्तेचे तुकडे पडले, शेतकरी जखडला गेला, शहरे आणि नाणेव्यवहार ओसरले, असे त्यांचे म्हणणे. अशा सवलतींचा अगदी आरंभीचा दाखला महाराष्ट्रातला आहे: गौतमीपुत्र सातकर्णीचे नाशिकच्या लेण्यांतील दान. भिक्षूंना दिलेल्या जमिनीत राजाच्या माणसांनी शिरू नये, असे त्यात बजावले आहे.

१५/
शर्मांवर दोन बाजूंनी टीका झाली. पुराभिलेखतज्ज्ञ दि. चं. सरकार यांनी विचारले: दान घेणाऱ्या ब्राह्मणावर सैन्य पुरवण्याची अट कुठे आहे? सेवेची अट नसेल तर याला जमीनदारी म्हणा, फ्यूडलिझम नको. १९७९मध्ये हरबंस मुखिया यांनी भारतीय इतिहास परिषदेतील भाषणात मुळालाच हात घातला: भारतीय शेतकरी युरोपातल्या भूदासासारखा नव्हता, आपल्या शेतीच्या प्रक्रियेवर त्याचा स्वतःचा ताबा होता. वेठ होती, पण शेती वेठीवर उभी नव्हती. मग उत्पादनपद्धती फ्यूडल कशी?

१६/
या वादात कोण जिंकले हा आपला विषय नाही. एक गोष्ट मात्र शिकण्याजोगी आहे. शर्मा दुसऱ्या आणि तिसऱ्या अर्थाच्या सीमेवर उभे आहेत, सरकार पहिल्या अर्थावर, मुखिया तिसऱ्यावर. प्रत्येकजण कोणती कसोटी लावतो हे वाचकाला कळते, म्हणून वाद पुढे सरकतो. कसोटी न सांगता नुसते ‘तो काळ सरंजामी होता’ म्हणणारे वाक्य खरे ठरवता येत नाही आणि खोटेही ठरवता येत नाही. इतिहासात असे वाक्य वाया जाते.

१७/
आता आपल्या घरी येऊ. हिंदीत फ्यूडलिझमला ‘सामंतवाद’ म्हणतात. ‘सामंत’ हा शब्द कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शेजारच्या राजासाठी आहे. मांडलिक हा अर्थ नंतरचा. मराठीने निवडलेला ‘सरंजाम’ हा फारसी शब्द आहे. साहित्य, सामग्री, तजवीज हा त्याचा साधा अर्थ. ‘पूजेचा सरंजाम’, ‘लग्नाचा सरंजाम’ असे आपण अजूनही म्हणतो. त्यावरूनच राज्यकारभारातला अर्थ आला: फौजेच्या तजविजीसाठी सरदाराला लावून दिलेले महसुलाचे उत्पन्न.

१८/
शिवाजी महाराजांचा कल सरंजामाच्या विरुद्ध होता. सरदारांना मुलूख तोडून देण्यापेक्षा रोख वेतन किंवा खजिन्यावरची वरात द्यावी, हे त्यांचे धोरण सभासदाच्या बखरीत स्पष्ट दिसते. १६८९नंतर परिस्थिती पालटली. संभाजी महाराजांची हत्या झाली, रायगड पडला, राजाराम महाराज जिंजीला गेले. खजिना रिकामा आणि समोर औरंगजेब वतने-मनसबी देऊन माणसे फोडतो आहे. अशा वेळी माणसे धरून ठेवण्यासाठी मुलूख आणि वतने देणे भाग पडले. सरंजामाची वाढ झाली ती युद्धाच्या निकडीतून.

१९/
अठराव्या शतकातला सरंजाम प्रत्यक्षात कसा चाले? सरदाराला अमुक महालांचा, अमुक गावांचा महसूल नेमून मिळे; त्यातून त्याने ठरलेल्या संख्येचे घोडेस्वार बाळगायचे. फौजेसाठीचा भाग वेगळा, त्याच्या जातीसाठीचा वेगळा. त्याच्यावर नजर ठेवायला मुजुमदार, फडणीस असे ‘दरखदार’ सरकारातून नेमले जात. त्यांना काढण्याचा अधिकार सरदाराला नसे. सरदार वारला की वारसाने नजर भरून सरंजाम पुन्हा करून घ्यायचा. कागदावर तो हक्क नव्हे, नेमणूक होती. व्यवहारात मात्र शिंदे, होळकर, गायकवाड, भोसले यांच्या घराण्यांत ती पिढीजात झाली.

२०/
आणखी एक बारकावा. एका गावाच्या महसुलावर एकाच सरदाराचा हक्क क्वचितच असे. १७१९च्या सनदांनंतर शाहू महाराजांच्या काळात बसलेली घडी पाहा. सरदेशमुखीचे दहा टक्के वेगळे. चौथाईचे १०० भाग धरले तर २५ भाग राजाची ‘बाबती’, ६ भाग ‘साहोत्रा’, ३ भाग ‘नाडगौडा’ आणि उरलेले ६६ भाग ‘मोकासा’. या मोकाशातून सरदारांना नेमणुका होत, त्याही निरनिराळ्या परगण्यांत विखुरलेल्या. हे फुटकळ वाटे म्हणजे युरोपातल्या उमरावाचा सलग मुलूख नव्हे. तिथे गढी, शेत, न्यायालय आणि भूदास सगळे एकाच्याच ताब्यात असत.

२१/
म्हणजे सरंजाम हे वरचे नाते आहे: राज्य आणि फौज यांच्यामधले. सरंजामदार बदलला तरी गावाची रोजची घडी सहसा बदलत नसे. कारण गाव चालवणारी संस्था निराळी होती. तिचे नाव वतन. देशमुख, देशपांडे, पाटील, कुळकर्णी, बलुतेदार यांचे पिढीजात हक्क आणि कर्तव्ये म्हणजे वतन. ते विकता येई, वाटून घेता येई, त्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या तंटे चालत. गोतसभेपुढे होणाऱ्या या तंट्यांच्या महजरांनी आपली दप्तरे भरलेली आहेत. राज्ये आली-गेली, बहामनी, निजामशाही, आदिलशाही, मोगल, मराठे, इंग्रज. वतन टिकले.

२२/
वतनदाराची ताकद राज्यकर्त्यांना पुरती ठाऊक होती. इ.स. १७१५च्या सुमाराच्या आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्य बजावतात, की देशमुख-पाटलांना साधे नोकर समजू नये. ते आपापल्या जागी लहानमोठे राज्याधिकारीच आहेत, बळ मिळाले की शेजाऱ्याला दाबतात आणि राज्य दुबळे झाले की शत्रूला मिळतात. त्यांना फार दुखवू नये आणि फार वाढूही देऊ नये, हा त्यांचा सल्ला. कोसंबींच्या भाषेत सांगायचे तर सरंजाम ‘वरून’ आलेला आहे आणि वतन ‘खालून’ रुजलेले आहे.

२३/
वतनाची सर्वांत जड बाजू कोणावर पडली? महार वतनावर. १८७४च्या मुंबई इलाख्याच्या वतन कायद्याने जुनी चौकट पक्की केली. तुटपुंजी इनाम जमीन आणि गावाने द्यायचे बलुते, एवढ्या मोबदल्यात वतनदार महाराने सरकारी टपाल पोचवायचे, अधिकाऱ्यांच्या दिमतीला राहायचे, बोलावले की रात्री-बेरात्री जायचे. तो नसेल तर घरातला दुसरा माणूस. १९२८मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. ते त्या वेळी मंजूर झाले नाही. पण या वतनाला ते गुलामगिरीच मानत होते.

२४/
आता कायद्याची पुस्तके उघडा. परगणे आणि कुळकर्णी वतने रद्द करणारा कायदा १९५०चा. राजकीय स्वरूपाचे सरंजाम आणि जहागिरी परत घेण्याचे नियम १९५२चे. कनिष्ठ ग्रामवतने, म्हणजे महार वतनासारखी वतने, रद्द करणारा कायदा १९५८चा. मुलकी पाटलाचे पद रद्द करणारा कायदा १९६२चा. बोलताना आपण ज्याला एका दमात ‘सरंजामशाही’ म्हणतो, ती मोडायला राज्याला निरनिराळी हत्यारे घ्यावी लागली. कारण त्या एकाच नावाच्या निरनिराळ्या गोष्टी होत्या. आणि क्रम पाहा: सरंजाम आधी गेला, महार वतन मागून.

२५/
या धाग्याचा मुद्दा हाच. ‘सरंजामशाही’ म्हटले की डोळ्यांपुढे काय येते? घोड्यावरचा सरदार, वाडा, दिवाणखाना. म्हणजे जे आज शिल्लक नाही, ते. मग ‘सरंजामशाही संपली’ हे वाक्य सहज उच्चारता येते. पण गावातल्या पाण्यावर, जमिनीवर, मानपानावर आणि श्रमावर ज्या संस्थेची पकड होती ती वतनाची. जन्माने ठरलेले काम, कामाने ठरलेला दर्जा, दर्जाने ठरलेली बसण्याची जागा. तिला आपण फ्यूडलिझमचे भाषांतर करताना नावच दिले नाही. सरदारावर बोट ठेवणे सोपे असते; पाटीलकीवर, देशमुखीवर, बलुत्यावर बोट ठेवले की ते आपल्याच आडनावापर्यंत पोचते.

२६/
मग हा शब्द टाकून द्यायचा का? तशी गरज नाही. तुलनेसाठी तो उपयोगी आहे, फक्त त्याला काम नेमून द्यावे. वापरण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत.
एक: मी कोणता अर्थ घेतो आहे? योद्ध्यांचा करार, समाजरचना, की उत्पादनपद्धती?
दोन: हक्क कशावर आहे? जमिनीवर, महसुलावर, की माणसाच्या श्रमावर?
तीन: हक्क कोणी दिला आणि कोण काढून घेऊ शकतो?
चार: त्या काळच्या कागदांत या गोष्टीला काय नाव आहे?

२७/
करून पाहू. ‘पेशवाईत सरंजामशाही होती’ या वाक्याऐवजी: ‘पेशवाईत सरदारांना फौजेसाठी महसुलाच्या नेमणुका मिळत, त्या कागदोपत्री परत घेण्याजोग्या, पण व्यवहारात पिढीजात झाल्या होत्या.’
‘गावात सरंजामशाही होती’ याऐवजी: ‘गावाचा कारभार वतनदारांच्या पिढीजात हक्कांवर चाले आणि त्याचे ओझे कनिष्ठ वतनदारांवर पडे.’
‘सरंजामी मानसिकता’ याऐवजी: नेमकी कोणती? जातीची, घराण्याची, की हुद्द्याची? वाक्य लांबेल. पण त्याच्याशी वाद घालता येईल आणि पुरावा मागता येईल.

२८/
फ्रान्सच्या सभेला १७८९च्या त्या रात्री वाटले होते की शब्द उच्चारला, व्यवस्था संपली. काय संपले आणि काय उरले, याचा हिशेब मागायला शेतकऱ्यांना पुढची चार वर्षे लागली. आपल्याकडे तो हिशेब मागण्याची पाळी अभ्यासकांची आहे, आणि त्याची सुरुवात फार मोठ्या ग्रंथापासून करावी लागत नाही. आपल्या गावाचा एखादा जुना महजर, इनामपत्र किंवा वतनाचा कागद मिळाला तर तो वाचा. त्यात ‘सरंजामशाही’ हा शब्द सापडणार नाही. कोणाला काय मिळत होते आणि कोणाकडून, हे मात्र ओळीओळीने लिहिलेले असेल.

(धागा समाप्त. तुमच्या तालुक्यात वतनाच्या कागदांवर काम झाले असेल तर खाली जरूर लिहा.)